थंडीचे तीन महिने आणि आपली पावले

मराठवाड्यात रानावनात चालण्याचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो. नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपतो. मार्च लागला की दुपार अंगावर येते, मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो आणि त्यानंतर पाऊस. पावसाळ्यात आमची काळी माती चपलेला अशी धरते की शंभर पावलांत प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. म्हणजे देवाने या उष्ण मुलखाला पायी फिरण्यासाठी दिलेली सवलत म्हणजे हा हिवाळा. आणि हा हिवाळा आपण कुठे घालवतो? रजईत, लग्नाच्या मंडपात आणि वलीम्याच्या रांगेत.

लग्नांना माझा विरोध नाही. रजईलाही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या तीन महिन्यांतल्या बारा रविवारांपैकी चार रविवार मुस्लिम कुटुंबांनी, त्यातही बायकामुलांनी, जंगलाच्या आणि पाणथळीच्या वाटांवर चालण्यासाठी राखून ठेवावेत. हे मी छंद म्हणून सुचवत नाही. त्यात आपल्या तब्येतीचा प्रश्न आहे, आपल्या मुलांच्या मनातल्या भूगोलाचा प्रश्न आहे आणि आपण जे पाणी पितो त्याचाही प्रश्न आहे.

मी औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण घेतो, कारण तेच मला नीट माहीत आहे. दुसऱ्या गावच्या वाचकांनी आपापल्या गावचे तलाव आणि टेकड्या तिथे बसवून पाहाव्यात.

आमच्या शहरात दिल्ली गेटजवळ एक तलाव आहे. मुघल काळात त्याला खिजरी तलाव म्हणत. आज त्याला सलीम अली सरोवर म्हणतात. त्याच्या समोरच हिमायत बाग आहे. सतराव्या शतकातली, सुमारे ३०० एकरांची ही बाग आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. जुनी आंब्याची झाडे, चिंचा, दाट सावली, आणि रस्ता ओलांडला की पाणी. ज्याला रान आणि पाणथळ दोन्ही एकाच सकाळी पाहायचे आहे, त्याला शहराची हद्दही सोडावी लागत नाही. बागेत सकाळी फिरणारे पुष्कळ दिसतात. पण मान वर करून झाडाकडे पाहणारे थोडे असतात.

ज्यांच्या नावाने हा तलाव ओळखला जातो ते सलीम अली कोण, असे मोहल्ल्यातल्या दहा मुलांना विचारून पाहा. कोणी म्हणेल, कुणी तरी बुजुर्ग असतील. कोणी म्हणेल, नगरसेवक असतील. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईतल्या एका सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मलेला हा माणूस लहानपणीच पोरका झाला आणि मामाच्या घरी वाढला. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कोणती चिमणी हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि तिथून त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले आणि या देशात पक्षी पाहणे ही साहेबांची मिरासदारी राहिली नाही. पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभेची नियुक्ती हे सगळे नंतरचे.

आपल्यासाठी आणखी एक दुवा महत्त्वाचा आहे. १९३१-३२ च्या सुमारास सलीम अलींनी निजाम सरकारच्या मदतीने हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. त्या वेळी औरंगाबाद आणि सगळा मराठवाडा त्याच संस्थानात होता. म्हणजे आपल्या भागातल्या पक्ष्यांची शास्त्रीय पद्धतीने नोंद घेण्याचे काम ज्या माणसाने केले, त्याच्या नावाचा तलाव आपल्या दारात आहे. त्यांच्या पाहणी-मोहिमांत अनेकदा त्यांची पत्नी तहमिना बरोबर असायची. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे बायकांच्या फिरण्याचा विषय येणार आहे.

सलीम अली आपल्या समाजाचे होते म्हणून त्यांचा अभिमान बाळगावा, एवढ्यावर मला थांबायचे नाही. त्यांनी काम केले ते पक्ष्यांसाठी, कौमसाठी नव्हे. पण एखाद्या क्षेत्रात आपल्या घरांतल्यासारखे नाव असलेला माणूस दिसला की मुलाला त्या दारातून आत जायला धीर येतो, हेही खरे. महाराष्ट्रात दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. एकाने पक्ष्यांची मराठी नावे रानातल्या माणसांकडून गोळा केली, तर दुसऱ्याने पक्ष्यांची शास्त्रीय ओळख घराघरांत नेली. एका मराठी सप्ताहाची दोन टोके या दोन माणसांनी धरली आहेत. आपल्या उर्दू आणि मराठी शाळांत हा सप्ताह किती ठिकाणी पाळला जातो?

आता थोडे लांब जाऊ. शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर पैठणला जायकवाडीचा नाथसागर आहे. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. आपली कुटुंबे पैठणला जातात ती ज्ञानेश्वर उद्यान आणि धरणाची भिंत पाहायला. ती पाहून झाली की डबे उघडतात आणि संध्याकाळी गाडी परत फिरते. खरा नाथसागर भिंतीच्या मागे, मैलोन्‌मैल पसरलेल्या उथळ काठावर असतो.

गोदावरीचे खोरे इथे सपाट आहे. त्यामुळे पाणी खोल कमी आणि पसरट जास्त. पावसाळा संपला की पाणी हळूहळू मागे सरकते आणि मागे ओला गाळ उघडा पडतो. त्याच गाळपेर जमिनीवर शेतकरी पीक घेतात आणि त्याच्या कडेला, घोट्याएवढ्या पाण्यात, पक्षी उतरतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी करून पाणी गाळताना दिसतात. चक्रवाक जोडीने बसलेले असतात. थापट्या, तलवार बदक, तुतवार, शेकाट्या येतात. पट्टकदंब हंस येतात, ज्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. हे हंस तिबेट, मंगोलिया, लडाखकडे वीण घालतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे थंडी काढायला येतात. तिकडे सगळे गोठलेले असते म्हणून त्यांना आपली ऊब हवी असते. आपण ज्या हवेला ‘कडाक्याची थंडी’ म्हणून दारे लावून घेतो, ती त्यांच्यासाठी चांगली हवा असते.

तिसरी जागा कन्नडजवळचे गौताळा-औट्रम घाट अभयारण्य. अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगररांगांतले हे कोरडे पानझडी जंगल साधारण २६० चौरस किलोमीटरचे आहे. त्यातच पितळखोऱ्याची लेणी आहेत. मार्च २०२१ मध्ये इथे अनेक दशकांनंतर वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. तो यवतमाळच्या टिपेश्वरकडून शेतशिवारे, रस्ते आणि नद्या ओलांडत चालत आला होता. वाघाला जो मराठवाडा पायी पार करता आला, त्यातले एक-दोन कोस आपल्याला जड जाऊ नयेत.

एवढे सांगितले की काही आक्षेप हमखास येतात. ते खोटे नाहीत, म्हणून एकेक घेतो.

पहिला आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. गॅरेजमध्ये, हातगाडीवर, बांधकामावर राबणाऱ्या माणसाला रविवारी झोप हवी असते, जंगल नको. मान्य. पण पैठणला आणि कन्नडला एसटी जाते. महागडी दुर्बीण, कॅमेरा, खास बूट यांतले काहीही पहिल्या दिवशी लागत नाही. आपण सहलीवर खर्च करत नाही असेही नाही. एका पिकनिकच्या देगेत जेवढे पैसे जातात तेवढ्यात चार कुटुंबांचे चार रविवार निघतात. वेळेचे म्हणाल तर आपल्याकडे एक सोय आधीपासून आहे. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. फजरची नमाज पढून माणूस मोकळा होतो तेव्हा बाहेर अजून अंधुक असते. पक्षी पाहणारे लोक अलार्म लावून ज्या वेळेला धडपडत उठतात, त्या वेळेला आपल्या घरातले बुजुर्ग रोजच जागे असतात. ती वेळ पुन्हा झोपण्यात घालवायची की तलावाकडे वळायचे, एवढाच निर्णय उरतो.

दुसरा आक्षेप बायकांचा. ‘लोक काय म्हणतील’, ‘बुरख्यात कसे चालणार’, ‘तिथे बाथरूम कुठे असते’. यातला तिसरा प्रश्न सर्वांत खरा आहे आणि त्याची तक्रार सर्व धर्मांच्या बायकांनी मिळून सरकारकडे केली पाहिजे. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आहे. शहागंजच्या बाजारात ईदच्या आधी चार-चार तास उभ्याने फिरणारी आपली बहीण दोन तास मोकळ्या वाटेवर चालू शकते. कपडा हा अडसर नाही. उलट फिक्या मातकट रंगाचा सैल कपडा पक्ष्यांना बुजवत नाही आणि उन्हातही बरा पडतो. अडसर आहे तो आपल्या पुरुषांच्या मनात. मुलगा मित्रांबरोबर गौताळ्याला गेला तर ‘घूमने गया’, मुलगी गेली तर चौकशी. चाळिशी गाठायच्या आधी गुडघे धरणाऱ्या, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या, दिवसभर ट्यूबलाइटखाली वावरणाऱ्या किती बायका आपल्या घरांत आहेत, ते मोजून पाहा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीने देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर सांगितली. डॉक्टर त्यांना चालायला सांगतात. चालायचे कुठे, हे कोणी सांगत नाही. गल्लीत जागा नाही, बागेत संकोच. मग चालणे राहून जाते आणि गोळी वाढते.

तिसरा आक्षेप मोठ्याने बोलला जात नाही, पण तोच सर्वांत जड आहे. ‘आपण चार मुसलमान पोरे एखाद्या अनोळखी गावाच्या शिवारात दिसलो तर लोक काय समजतील?’ अलीकडच्या काळात ही भीती अकारण म्हणता येत नाही. एका थंडीत आम्ही चौघे नाथसागराच्या काठावरच्या एका गावातून पाण्याकडे चाललो होतो. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने हटकले, ‘कुठले पाव्हणे? कुणाकडं आलात?’ आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाने उत्तर दिले, ‘आजोबा, बदकं बघायला आलोय.’ म्हातारा आधी हसला. मग त्याने विचारले, ‘मारायला न्हाई ना?’ नाही म्हटल्यावर त्याने कुठल्या बांधावरून गेले तर चिखल लागत नाही ते सांगितले, आणि नावे विचारली ती परत येताना, चहा झाल्यावर.

एका अनुभवावरून सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. काठावरच्या माणसाला आपला धर्म कळण्याआधी एक साधी काळजी असते, की हे लोक शिकारी आहेत का, पीक तुडवतील का, दारू पिऊन बाटल्या फोडतील का. ती काळजी रास्त आहे. दुसरे म्हणजे, आपण कधी दिसलोच नाही तर आपण कायम अनोळखीच राहणार. गावात आधी थांबावे, पाटलाला किंवा शाळेतल्या गुरुजींना सांगावे, मराठीत बोलावे, बायकामुले बरोबर असावीत. भीती घरात बसून वाढते. चार वेळा रामराम-सलाम झाला की ती कमी होते. शक्य असेल तर शेजारच्या हिंदू, बौद्ध कुटुंबांबरोबरच जावे. रानात एका दुर्बिणीभोवती जमलेली माणसे लवकर ओळखीची होतात.

चौथा आक्षेप काही दीनदार मित्र घेतात. हा सगळा वेळेचा अपव्यय, असे ते म्हणतात. त्यांना मी एवढेच सांगतो की कुरआनमध्ये डोक्यावरून पंख पसरत-मिटत उडणाऱ्या पक्ष्यांकडे माणसाचे लक्ष वेधले आहे, आणि हजरत सुलेमान यांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा हुदहुद आपल्या सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. पण तो हुदहुद प्रत्यक्ष दाखवा म्हटले तर? हिमायत बागेसारख्या जागी, थंडीच्या सकाळी, तांबूस अंगाचा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे असलेला, डोक्यावर पंख्यासारखा तुरा उघडणारा हा पक्षी जमिनीत लांब चोच खुपसत फिरताना दिसू शकतो. मुलाने किस्सा ऐकला आहे, पक्षी पाहिलेला नाही. हे अंतर कमी करण्यात कोणता अपव्यय आहे?

आता आपल्याच एका सवयीबद्दल कडू बोलतो. आपण निसर्गात जातो तेव्हा बहुतेक वेळा पिकनिकला जातो. देग, गॅसची शेगडी, ब्लूटूथचा भोंगा, थर्माकोलच्या प्लेटा. हे फक्त मुसलमानच करतात असे नाही. साऱ्या महाराष्ट्राची हीच तऱ्हा आहे. पण म्हणून आपण सुटत नाही. पाण्याजवळ आवाज झाला की हजार पक्षी एकदम उडतात, आपण टाळ्या वाजवतो आणि मोबाइल काढतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते. दर रविवारी दहा वेळा त्याला उडवले तर त्याची साठवण आपल्या व्हिडिओवर खर्च होते. चालायला जाणे आणि पिकनिकला जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चालायला जाताना पोटात थोडे, पिशवीत पाणी, भाकरी, खजूर, आणि परत येताना आपला कचरा आपल्याच पिशवीत.

सांभाळायच्या आणखी दोन-चार गोष्टी. जुमा-ईदच्या सवयीने अत्तर लावून जंगलात जाऊ नये. कड्यांवर, लेण्यांत आग्यामोहोळे असतात आणि उग्र वास, धूर त्यांना खवळवतो. थंडीत साप कमी दिसतात, पण दुपारी उन्हाला येतात, म्हणून चप्पल नको, बंद बूट हवेत. गौताळ्यात वनविभागाच्या नाक्यावर नोंद करूनच आत जावे आणि अंधाराआधी बाहेर यावे. तिथे बिबटे आहेत. ओल्या गाळावर मुलांना पुढे सोडू नये, वरून सुकलेला दिसणारा गाळ खाली मऊ असतो. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहिले तर पक्ष्यांचे रंग दिसतात, नाहीतर नुसत्या सावल्या.

शेवटचा मुद्दा पाण्याचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत निकडीचा. आमचे शहर जायकवाडीचे पाणी पिते. आमच्या मोहल्ल्यांत नळ किती दिवसांनी येतो हे बायकांच्या तोंडी असते. पण ते पाणी जिथून येते तो काठ आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? नाथसागरावर तरंगता सौर प्रकल्प करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा पैठणच्या मासेमारी करणाऱ्या कहार समाजाच्या पंच समितीने हरित लवादाकडे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. वीज हवी की पक्षी आणि मासे हवेत, या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे आणि त्याचा निकाल मी या लेखात लावणार नाही. मला खटकते ते वेगळे. हा वाद काठावरच्या गरीब मच्छिमारांनी लढवला आणि तेच पाणी पिणाऱ्या लाखोंच्या शहरात त्याची साधी चर्चाही आपल्या कट्ट्यांवर झाली नाही. ज्याने काठ पाहिलेला नाही, त्याला काठाबद्दल मत तरी कसे असणार?

आमच्या शहराचा इतिहास पाण्याच्या जाणकारांचा आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर खोदून शहराला पाणी दिले. पाणचक्कीचे पाते डोंगराकडून खापरी नळांतून आलेल्या पाण्यावर फिरत होते. त्या माणसांना पाणी कुठून उगवते, कुठे मुरते, कुठे साचते हे ठाऊक होते, कारण ते त्या वाटा पायी तुडवत होते. आज त्यांचे वारस म्हणवणारे आपण, सलीम अली सरोवरात सांडपाणी शिरते आणि जलपर्णी पसरते तेव्हा रुमाल नाकाला लावून पुढे जातो. जो मुलगा सलग चार थंड्या एका तलावावर गेला आहे आणि ज्याने वहीत बदके मोजून लिहिली आहेत, तो पाचव्या वर्षी विचारेल की या वेळी बदके का आली नाहीत. असा प्रश्न विचारणारी वीस मुले प्रत्येक मोहल्ल्यात असतील तर तलाव बुजवणाऱ्याला आणि नाला सोडणाऱ्याला दोनदा विचार करावा लागेल.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. मशिदींच्या कमिट्यांनी, महिला बचत गटांनी, उर्दू शाळांच्या मुख्याध्यापकांनी या थंडीत फक्त एक वाट निवडावी. जवळची, फुकटातली, तासाभराची. फजरनंतर निघावे, नऊच्या आत परत यावे. पुढच्या महिन्यात तीच वाट पुन्हा चालावी. एक वही ठेवावी, तिच्यात तारीख, जागा आणि दिसलेले पक्षी लिहावेत, नावे उर्दूत आली तरी चालतील, मराठीत आली तरी चालतील. अबाबील लिहा किंवा पाकोळी, फाख्ता लिहा किंवा होला. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर या गावी पाणथळी वाचवण्याचा करार झाला होता. त्या दिवशी ही वही घेऊन मुलांनी महापालिकेच्या दारात जावे आणि आपण काय पाहिले ते सांगावे. मार्च लागला की वाट पुन्हा तापेल आणि पाहुणे उत्तरेला निघून जातील. त्याआधीचे चार रविवार आपल्या हातात आहेत.